साडूंचा कागद आणि माझी शिडी

साडू गेल्यावर भाची म्हणाली, "काका, बाबांवर थोडं लिहून द्या. तुम्ही त्यांना इतकी वर्षं ओळखता." इतकी वर्षं ओळखतो हे खरं आहे. पण त्यांना कोणती भाजी आवडत नव्हती, एकटे असताना ते काय गुणगुणायचे, रागावले की दार आपटायचे की गप्प बसायचे, यातलं मला काहीही सांगता येणार नाही. मला त्यांच्याबद्दल जे थोडंफार पक्कं ठाऊक आहे, ते हेव्यापोटी ठाऊक आहे. ज्याचा हेवा वाटतो त्याच्याकडे माणूस टक लावून बघतो. पण तेवढंच. तेव्हा हे लिहिलेलं अपुरं असणार, हे आधीच सांगून ठेवतो. लिहायची मला सवयही नाही.

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. वस्तुसंग्रहालयात होते. जुनी वस्तू कुणाकडून कुणाकडे गेली, मुळात खरी कुणाची, हे शोधायचं त्यांचं काम. खिशात कायम भिंग असायचं म्हणून कचेरीत त्यांना 'भिंग'च म्हणत. मी तसबिरींना काच आणि चौकट बसवतो. बाजाराच्या कोपऱ्यावर माझं दुकान आहे. सासूबाई पाहुण्यांना आमची ओळख करून द्यायच्या ती अशी: "हे आमचे थोरले जावई. राजेरजवाड्यांच्या दागिन्यांचा छडा लावतात. आणि हे धाकटे, यांचं काचेचं काहीतरी आहे."

काचेचं काहीतरी! बरं, सासूबाईंच्या दिवाणखान्यातल्या सगळ्या तसबिरी मीच बसवून दिलेल्या. त्यांच्याखाली बसूनच हे चालायचं.

सासूबाईंकडे खिडकीजवळ एक हातांची खुर्ची होती. तिच्यावर साडू बसायचे. ते आलेले नसले तरी ती रिकामी ठेवायची. एकदा मी चुकून बसलो, तर सासूबाई म्हणाल्या, "बसा, बसा. ते येईपर्यंत बसा." मी उठलो आणि भिंतीकडच्या बाकड्यावर गेलो. घरी जाताना बायको म्हणाली, "एवढं तोंड पाडायला काय झालं? खुर्चीच होती ना?" तिला काय सांगणार? तिची आई, तिची बहीण. आणि खरं तर खुर्चीच होती.

साडू वाईट असते तर बरं झालं असतं. पण ते माझ्या दुकानात यायचे, लाकडावरून हात फिरवायचे, "हे कोणतं लाकूड हो, साडूबुवा?" असं खरोखर विचारायचे आणि पुढच्या वेळेपर्यंत लक्षातही ठेवायचे. अशा माणसाचा हेवा करायचा तर तो स्वतःच्या खर्चानं करावा लागतो. त्यांच्याकडून काही मदत होत नाही.

आता तुऱ्याचं सांगतो. त्यामुळेच त्यांचं नाव झालं आणि त्यामुळेच गेलं.

फार पूर्वी इथल्या एका राजाला दोन राण्या होत्या. त्यांचं एकमेकींशी मुळीच पटत नसे. एकीला दागिना केला की दुसरी अन्न सोडायची. शेवटी राजानं केसांत खोवायचे दोन तुरे करवून घेतले. हिऱ्यांची आणि पाचूंची पानं, मधे सरळ दांडी. दोन्हींचं वजन एक, खडे तेवढेच. फरक एवढाच, की एक तुरा दुसऱ्याचं आरशातलं रूप होता. एकाची मोठी पानं डावीकडे, तर दुसऱ्याची उजवीकडे. राजाच्या दोन्ही बाजूंना दोघी बसल्या की मोठी पानं राजाकडे झुकलेली दिसावीत, म्हणजे कुणी तक्रार करायला नको. साडूंनी हे प्रथम सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तरी केली असेलच हो." साडू म्हणाले, "केली ना. तिचा आरसा मोठा आहे म्हणून."

पुढे राज्य गेलं. राण्यांच्या वंशजांच्या दोन पाती झाल्या, थोरली आणि धाकटी. वाईट दिवसांत कुणीतरी एक तुरा विकला, तो मोडून त्याचे खडे कुठल्या कुठे गेले. दुसरा सरकारजमा झाला आणि बँकेच्या तळघरात जाऊन बसला. बऱ्याच वर्षांनी सरकारनं ठरवलं, ज्याचा असेल त्याला परत द्यायचा. झालं! थोरली पाती म्हणाली, विकला तो धाकटीनं, उरलेला आमचा. धाकटी म्हणाली, चोराच्या उलट्या बोंबा, विकला तो थोरलीनं. दोघांचीही खात्री सारखीच आणि पुरावा दोघांकडेही नाही.

थोरल्या पातीकडे फक्त एक चित्र होतं. त्यांच्या वाड्यातल्या मोठ्या दालनात थोरल्या राणीची उभी, माणसाएवढी तसबीर होती, वर काच बसवलेली. डोक्यात तोच तुरा. त्या काळचा चित्रकार दागिना खड्याला खडा मोजून काढायचा. तेव्हा काम सोपं दिसत होतं. चित्र आणि तुरा शेजारी ठेवायचे आणि बघायचं. पण थोरल्या पातीचे मालक चित्र भिंतीवरून हलवू देईनात आणि फोटोही काढू देईनात. म्हणे, फोटो धाकटीच्या वकिलाच्या हाती पडेल. बँकेतून तुरा बाहेर काढायला धाकट्या पातीच्या बाईंची हरकत. म्हणे, थोरलीच्या घरी गेला की परत येतोय कशाला! दोघांचा एकमेकांवर इतका संशय, की चित्र आणि तुरा एका छपराखाली येऊच शकत नव्हते. दोघांच्या मधे ये-जा करायला मुभा होती ती एका माणसाला आणि त्याच्या हातातल्या ट्रेसिंग पेपरला.

तो माणूस म्हणजे साडू.

आमच्याकडे या भांडणात मी मनातल्या मनात धाकट्या पातीच्या बाजूनं होतो. कारण कुणी विचारू नये. धाकट्यानं धाकट्याची बाजू घेतली, एवढंच.

साडू दुकानात आले. म्हणाले, "साडूबुवा, तुमची घडीची शिडी द्याल का? ते लोक म्हणतात, वर चढायचं तर शिडी तुमची तुम्ही आणा."

"राजवाड्यात शिडी नाही?"

"आहे. पण चढायला देत नाहीत. उतरताना कुणी काही घेऊन गेलं तर?"

शिडी दिली. माझी शिडी त्या दालनात गेली, मी दुकानातच राहिलो.

साडूंनी काचेवर कागद धरून मऊ पेन्सिलीनं तुरा उतरवून घेतला, दांडी, पानं आणि एकेक खडा. नंतर रविवारी दुपारी सासूबाईंच्या जेवणाच्या टेबलावर ते त्यावर शाई चढवायला बसले, कारण पेन्सिल पुसट होते. आम्ही सगळे भोवती. त्यांची एक पद्धत होती. कागद पालथा घालायचा आणि मागच्या बाजूनं दिसणाऱ्या रेघांवर शाई ओढायची. शाई वाळली की पुढची पेन्सिल खोडून टाकायची. म्हणजे खोडरबर शाईला लागत नाही, रेघ स्वच्छ राहते. आणि असं करताना कोपऱ्यात बारीक अक्षरात 'उलट' असं लिहून ठेवायचं, कारण त्या कागदातून आरपार दिसतं, दोन्हीकडून सारखंच.

त्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, "मग त्या दोघी राण्या एकमेकींशी बोलायच्या तरी का हो?" साडू हात चालवता चालवता सांगू लागले. गोष्ट सांगायची त्यांची हातोटी अशी, की माझी बायकोसुद्धा हातातला पेला तसाच धरून उभी राहिली. मेहुणी कौतुकानं नवऱ्याकडे बघत होती. मी कागदाची दोन टोकं धरून बसलो होतो आणि त्यांच्या हातांकडे बघत होतो. रेघ कुठे हलत नव्हती. मला आठवतंय, मी मनात म्हणालो, एकदा तरी हा माणूस शाई सांडो.

शाई सांडली नाही. गोष्ट संपली, सगळे हसले, साडूंनी पेन्सिल खोडली आणि कागदाची गुंडाळी केली. कोपऱ्यात लिहायचं तेवढं राहिलं.

पुढच्या आठवड्यात बँकेच्या तळघरात त्यांनी शाईची बाजू वर करून तो कागद तुऱ्यावर धरला. पान पानावर, खडा खड्यावर, सगळं जुळलं. साडूंनी लिहून दिलं की हा तुरा थोरल्या राणीचा. वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला. धाकट्या पातीच्या बाई, कुठेतरी दोन खोल्यांत राहणाऱ्या निवृत्त मास्तरीणबाई, त्यांनी एवढंच म्हटल्याचं छापून आलं, की आमच्या घरात खोटं बोलायची पद्धत नव्हती. ते वाचून मला स्वतःच हरल्यासारखं झालं.

संग्रहालयाचे प्रमुख निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी साडू येणार, हे आता ठरल्यासारखंच होतं. सासूबाईंनी वर्तमानपत्रातला फोटो कापून माझ्याकडे दिला. "चांगली चौकट लावा हं. सोनेरी." मी लावली. सोनेरीच लावली.

तुरा थोरल्या पातीच्या हवाली करायचा समारंभ ठरला. शेजारी साडूंचा तो कागदही मांडायचा होता. साडू तो घेऊन माझ्या दुकानात आले. मी टेबल पुसलं, कागद पसरला आणि कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारतो तेच विचारलं.

"यातली सुलट बाजू कुठली?"

"शाईची," साडू म्हणाले. मग म्हणाले, "नाही, थांबा."

त्यांनी कागद उचलून दाराच्या उजेडात धरला. भिंग काढलं. एक बाजू बघितली, पालथा केला, दुसरी बघितली. पेन्सिल खोडली तरी तिचा दाब कागदावर राहतो. तो शाईच्या मागच्या बाजूला होता. एक गिऱ्हाईक आलं, मी त्याला नंतर या म्हटलं.

"काय झालं?"

"पेन्सिल त्या बाजूला होती," ते म्हणाले. "काचेवर मी ती बाजू बघत होतो. बँकेत ही बघितली."

मला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा आधी काय वाटलं, ते लिहितो. बरं वाटलं.

"पण तुम्ही चित्र डोळ्यांनी बघितलं होतं की," मी म्हणालो. "मोठी पानं कुठल्या बाजूला, आठवत नाही?"

"आकार आठवतो हो. बाजू नाही आठवत. तुम्हीच सांगा, सासूबाईंचा तीळ कुठल्या गालावर आहे?"

मी विचार केला. नाही सांगता आलं.

"शिडी द्या," साडू म्हणाले. "आणि तुम्हीही चला. धरायला कुणीतरी हवं."

असा मी त्या दालनात गेलो. थोरल्या पातीचे मालक खुशीत होते. त्यांना वाटलं, साडू समारंभाआधी एकदा दर्शनाला आलेत. चहा सांगितला. मी शिडी धरली आणि साडू वर गेले. खालून मला राणीचा पदर आणि साडूंच्या चपलांचे तळच दिसत होते. मी ठरवत होतो, की खरंच उलटं निघावं की नाही. निघालं तर ते पडणार. नाही निघालं तर जन्मभर पुन्हा तेच कौतुक. माझं काही ठरेना.

"उतरतो," ते म्हणाले.

खाली आल्यावर त्यांनी चहाचा कप घेतला नाही. मालकांना म्हणाले, "माझी चूक झाली. मी कागद उलटा धरला होता. हा तुरा तुमच्या राणीचा नाही, धाकटीचा आहे."

मालक हसले. त्यांना थट्टा वाटली. मग हसू गेलं. "तुम्हाला कुणी फिरवलं?"

"मला नाही. कागद मीच फिरवला."

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"यांना." साडूंनी माझ्याकडे बोट केलं. त्या वाड्यात माझ्याकडे कुणी बघितलं ते तेवढंच.

मालक आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमचीही आणि आमचीही. सगळं ठरलंय, तुमची बढतीही ठरल्याचं ऐकतो. कशाला हात दाखवून अवलक्षण?"

"चहा गार होतोय," साडू म्हणाले. "येतो आम्ही."

शिडीचं एक टोक त्यांच्या खांद्यावर, दुसरं माझ्या. पुढे ते, मागे मी. रस्त्यात लोक वाट देत होते. मी पाठीमागून विचारलं, "नसतं सांगितलं तर? मी काही बोललो नसतो."

ते न वळता म्हणाले, "तुम्ही बोलला नसता, ठाऊक आहे. पण सासूबाई? दर रविवारी म्हणणार, ती तुऱ्याची गोष्ट सांगा ना एकदा. दर रविवारी सांगावी लागली असती हो."

मला वाटतं ते खरंच बोलत होते. पण पाठमोऱ्या माणसाचं नक्की कसं सांगणार?

त्यांनी कचेरीत लेखी कळवलं. वर्तमानपत्रात पुन्हा फोटो आला, या वेळी लहान. थोरली पाती म्हणाली, हा माणूस फितला. धाकट्या पातीच्या वकिलांनी तुरा मागितला, तर समोरचे वकील म्हणाले, जो एकदा चुकतो त्याच्या दुसऱ्या शब्दाला काय किंमत? दुसरा कागद उतरवायला थोरल्या पातीनं दार उघडलं नाही. तुरा अजून बँकेतच आहे. मास्तरीणबाई वारल्या, तुरा बघितल्यावाचून. प्रमुखपद साडूंच्या हाताखालच्या माणसाला मिळालं आणि साडू निवृत्त होईपर्यंत त्याला 'साहेब' म्हणत राहिले.

आता खुर्ची रिकामी होईल, असं मला वाटलं होतं. पुढच्या रविवारी आम्ही सासूबाईंकडे गेलो. साडू खिडकीजवळच बसले होते. जेवताना कुणी तुऱ्याचा विषय काढत नव्हतं. तेच म्हणाले, "खरं तर श्रेय साडूबुवांचं. यांनी विचारलं, सुलट बाजू कुठली, म्हणून कळलं. नाहीतर मी तो उलटाच भिंतीवर लावला असता."

मी घास हातात धरून थांबलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या घरात माझं नाव चांगल्या कारणानं निघालं होतं.

सासूबाई म्हणाल्या, "त्यांचं काय, ते सगळ्यांनाच विचारतात. गिऱ्हाईक आलं की विचारावंच लागतं." मग साडूंकडे वळल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. "पण स्वतःच्या तोंडानं चूक सांगायची म्हणजे! असा माणूस शोधून सापडणार नाही. घ्या, आणखी वाढू का?"

घरी येताना बायको म्हणाली, "बघितलंत? केवढं मोठं मन." मी म्हणालो, हो. जिंकले तेव्हा त्यांचं कौतुक आणि चुकले तेव्हा त्याहून जास्त. धाकट्या पातीची बाजू खरी ठरली तीही थोरल्या जावयाच्या हातून. माझ्या वाट्याचा जो एक प्रश्न होता, तोसुद्धा त्यांनीच मला वाढला. मी त्या रात्री नीट झोपलो नाही. खरं सांगायचं तर तो हेवा अजून गेलेला नाही. माणूस गेला तरी तो कुठं जायचं नाव घेत नाही.

सोनेरी चौकटीतला तो फोटो सासूबाईंनी कधीच उतरवला नाही. त्या गेल्यावर मेहुणीनं तो आपल्या घरी नेला. कागदाचं काय झालं मला माहीत नाही. विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं आता वाटतं, पण तसं बऱ्याच गोष्टींचं वाटतं.

निवृत्तीनंतर साडू दुकानात यायचे, स्टुलावर बसायचे, मी काच कापताना बघायचे. फार बोलायचे नाहीत. एकदा म्हणाले, "तुमच्या कामात चूक लगेच फुटते. बरं आहे." मी म्हणालो, "बरं कसलं, काच महाग आहे." ते हसले. ते माझ्या बोलण्याला हसले, याचं मला दिवसभर बरं वाटत होतं. हेही लिहून ठेवतो.

शेवटचे आले ते शिडीसाठीच. घरातल्या वरच्या खिडकीचा पडदा काढायचा होता. या वयात चढू नका म्हटलं तर म्हणाले, मी धरणार, चढणार मेहुणी तुमची. शिडी घेऊन गेले, आणि बरेच दिवस झाले तरी आणली नाही. मग एका सकाळी बाजारात जाताना दुकानासमोरून चालले होते. मी आतून हाक मारली.

"साडूबुवा, शिडी कधी देताय?"

"रविवारी."

"मागंही रविवारच म्हणाला होतात."

"मग या वेळी कुठला रविवार ते सांगत नाही."

"बरं," मी म्हणालो. "सावकाश द्या. घाई नाही."